लेकीच्या वाट्याची ओवी

"काय म्हणतोय ग तो? आपल्या बोलीत सांग."

आई जाऊन कैक वर्षं झाली, पण हा आवाज भार्गवीच्या कानातून गेला नव्हता. बेंगळुरातल्या कॉटनपेटच्या अरुंद गल्लीत तेव्हा दवंडीवाला यायचा. गळ्यात हलगीसारखं तमटे, डोक्याला लाल फडकं. हुकूम नळाच्या पाण्याचा असो की देवीच्या लशीचा, 'केळ्रप्पो केळ्री', ऐका हो ऐका, म्हणत तो गल्लीच्या तोंडाशी उभा राही आणि सरकारी कन्नड असं भडाभडा ओती, की रोज कन्नडातच भाजीवाल्याशी भांडणाऱ्या बायकाही एकमेकींच्या तोंडाकडे बघत. मग परकरातल्या भार्गवीला पुढे ढकललं जाई. ती ऐकून येई आणि पायरीवर बसलेल्या बायकांना आपल्या मराठीत सांगे. सांगता सांगता तिला एक खोड जडली. कोरडं सांगवेना. हुकूम तिच्या तोंडात आला की त्याला ताल यायचा, शेवटी यमक यायचं, आणि बायका हसत हसत तो पाठ करून घरी न्यायच्या.

पुढे दवंडीवाला गेला, खोड राहिली. लग्न होऊन ती दोन गल्ल्या ओलांडून नरसिंहरावांच्या घरी आली. डोहाळजेवण असो, बारसं असो, ओवी म्हणायला भार्गवीअक्काच लागे. पन्नाशी उलटल्यावर त्या खोडीला नवं काम मिळालं ते मुग्धामुळे.

मुग्धा पुण्याची, वकिलीची परीक्षा दिलेली. नवरा शंतनु संगणकाच्या कंपनीत, बिऱ्हाड कोरमंगलात. नवऱ्याच्या नोकरीमागे बेंगळुरात आली आणि घरात बसून कंटाळली. भवानीच्या देवळामागच्या खोलीत दर शुक्रवारी आपल्या बायकांचं भजन असतं हे कुणाकडून तरी कळलं, तशी स्कूटरवरून येऊन थडकली. म्हणाली, भजन झालं की अर्धा तास मला द्या, मी तुम्हाला इथले कायदे सोपे करून सांगते. इथल्या राज्याचे कायदे कुठे मिळतात ते कुणाला माहीत नसतं, मिळाले तरी ते कन्नडात नाहीतर इंग्रजीत, आणि दोन्हीकडे सारखेच अगम्य.

पोरगी कळकळीची होती, पण तिच्या सोप्याला शेंडाबुडखा नसे. पहिल्याच शुक्रवारी अर्धी खोली पेंगली.

"काकू, मी इतकं सिंपल करून सांगते, तरी सगळ्या झोपतात हो!" मुग्धा रडवेली झाली होती.

"झोपत नाहीत ग," भार्गवी म्हणाली. "तुझं 'तरतूद' आलं की डोळे मिटतात, 'अन्वये' आलं की मान पडते. त्याला कोण काय करणार?"

"मग तुम्हीच सांगा ना."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"मी तुम्हाला सांगते, तुम्ही त्यांना सांगा."

आणि तसंच ठरलं. मुग्धा आठवड्यातून एकदा येऊन भार्गवीच्या स्वयंपाकघरात पाटावर बसे आणि एक कायदा उलगडून सांगे. भार्गवी निवडत, चिरत, ढवळत ऐके. शुक्रवारी त्याची ओवी झालेली असे. रेशनकार्डाची झाली, भाड्याच्या पावतीची झाली. पावतीची ओवी तर भजनातल्या अनुसूयाने घरमालकाच्या दारात उभी राहून म्हटली. मालकाने आधी कानावर हात ठेवले आणि मग पावती दिली. नरसिंहराव बायकोला चिडवत, "आता विधानसौधातसुद्धा टाळ-चिपळ्या घेऊन जा. सरी, ठीक आहे, मी झांजा धरतो मागे."

त्या पावसाळ्यात मुग्धाने लेकीच्या वाट्याचा कायदा आणला. तिला आठवा लागला होता. पुण्याला बाळंतपणाला जायच्या आधीचा तो शेवटचा कायदा.

"नाइंटी फोरमध्ये लागू झालाय, काकू. वाडवडिलांच्या एकत्र मालमत्तेत मुलगी जन्मानंच वाटेकरी. मुलगा जसा, तशी ती. अख्ख्या देशात सगळीकडे नाहीये हे अजून, इथं आहे!"

भार्गवीचा विळीवरचा हात थांबला. "लेकीला? रानात? घरातसुद्धा?"

"घरात, रानात, सगळीकडे. परंतु," मुग्धाने बोट वर केलं, "हा कायदा लागू व्हायच्या आधी जिचं लग्न झालंय, तिला नाही. आधीच वाटण्या झाल्या असतील तर तिथंही नाही. हे परंतु महत्त्वाचं आहे हं. हे ओवीत आलंच पाहिजे."

"येईल की," भार्गवी म्हणाली.

मुग्धा गेल्यावर ती तांदूळ निवडायला बसली आणि पहिल्या दोन ओव्या अशा आल्या, जशा कुणी शेजारून सांगाव्यात.

बापाच्या शेतामंदी | दोन गं खुंट रोवा
लेकाला जसा वाटा | लेकीला तसा द्यावा

पाटाचं पाणी बाई | दोन्ही गं वाफ्यां जातं
कायद्यानं लेकीचं बी | बांधाशी जुळलं नातं

तिसरीपाशी अडलं. हे 'परंतु' ओवीत बसत नाही, असं तिने स्वतःला सांगितलं आणि सूप उचलून आत गेली.

शुक्रवारी तिने दोन्ही ओव्या म्हटल्या. खोलीत असं काही झालं, की तिला वाटलं देवीसमोरची समईच कुणी मोठी केली. रोज भिंतीला टेकून बसणाऱ्या बायका पुढे सरकल्या. कुणी डोळ्याला पदर लावला. दाराशी बसायची कावेरी. अंगाने किरकोळ, कधी मोठ्याने न बोलणारी. ती उठून मध्ये आली आणि म्हणाली, "अक्का, पुन्हा म्हण." पुन्हा म्हटलं. मग सगळ्यांनी धरलं. देवळाच्या पुजाऱ्याने डोकावून पाहिलं, आज कोणतं व्रत आहे म्हणून. त्या गजरात पुढचं सांगायचं राहिलं. राहू दे, पुढच्या शुक्रवारी सांगू, असं भार्गवीला वाटलं. पुढच्या शुक्रवारी बायकांनी स्वतःहूनच गायला सुरुवात केली, आणि वाहत्या गाण्यात हात घालून कोण थांबवणार?

पुण्याहून मुग्धाचा फोन आला. मागे बाळ रडत होतं.

"काकू, मुलगी झाली! आणि ओवी? ते परंतु घातलंत ना?"

"घातलं," भार्गवी म्हणाली. शब्द तोंडातून इतका सहज गेला की त्याचा आवाज तिचा तिलाच आला नाही.

कावेरीचं माहेर आनेकलजवळचं. नाचणीचं रान, विहीर, थोडी तुती. वडील कृष्णाजी खाटेला खिळलेले आणि भाऊ विठोजी सगळं बघणारा. कावेरीचा नवरा उमाकांत मागावर होता. माग कधी चाले, कधी आठवडाभर बंद. दोघं वठारातल्या एका खोलीत राहत, जिथे दहा घरांना एक नळ आणि कुणाची कढी उतू गेली तरी सगळ्यांना कळे. विठोजी बरेच दिवस म्हणत होता, "विहिरीकडच्या दोन खोल्या नीट करतोय, कावेरी. तुम्ही दोघं इकडे या. उमाकांतला इथल्या कारखान्यात चिकटवू." कावेरी हे सांगे तेव्हा तिच्या बोलण्यात त्या खोल्यांना चुना लागलेला असे, दाराशी तुळसही आलेली असे.

गौरीच्या सणाला विठोजी रीतीप्रमाणे बहिणीचं बागिन घेऊन आला. झाकलेल्या सुपात बांगड्या, खण, तांदूळ, डाळ, गूळ, नारळ. इथे गौरीला भावाचं सूप आलं की बाईचं माहेर जागं आहे असं समजतात. वठारातल्या बायका बघायला दारात उभ्या होत्या, आणि त्या सगळ्यांसमोर कावेरीने ते सूप भावाच्या हातात परत ठेवलं.

"सुपातलं नको, अण्णा. रानातलं दे. कायद्यानं अर्धं माझं आहे."

विठोजीने सूप डोक्यावर घेतलं आणि आला त्या वाटेने गेला.

हे सगळं भार्गवीला दिवाळीनंतर कळलं. कावेरी एका दुपारी दारात येऊन उभी राहिली. तोंड उतरलेलं, पायात चपला तशाच.

"अक्का, ती ओवी म्हण ग."

"आत तरी ये. चहा ठेवते."

"चहा नको. ओवी म्हण. लेकीची. सगळी."

"झालं काय?"

कावेरी उंबऱ्यातच बसली. विठोजीने आनेकलच्या एका वकिलाला गाठलं होतं. त्याने पुस्तक काढून वाचून दाखवलं होतं. लग्न आधीचं, तर वाटा नाही. एका ओळीत मिटलं. विठोजीने निरोप पाठवला होता: कायद्यानं मागितलंस, कायद्यानं नाही म्हटलं, आता नात्यानं काही मागू नको. विहिरीकडच्या खोल्यांत खताचं दुकान लागलं होतं. आणि खाटेवरून अप्पा विचारत होते, कावेरी का येत नाही?

"तुझ्या ओवीत हे असणारच ग," कावेरी म्हणाली. "तू काय अर्धं सांगणारी आहेस? माझाच कान हावरा. वाटा म्हटलं आणि मी पुढं ऐकलंच नसेल. तू म्हण, मी बघते कुठं चुकले."

बाहेर सायकलवरून पपई विकणारा ओरडत गेला. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत भार्गवी त्याच्याचकडे बघत राहिली.

"आज घसा बसलाय," ती म्हणाली. "शुक्रवारी बघू."

कावेरी गेली तरी उंबऱ्यावर तिच्या पदराला लागलेली सुताची तुसं पडून होती. भार्गवीने ती वेचली आणि मुठीत धरून बसली. नरसिंहराव म्हणाले, "काय ग, स्वल्प पाणी देतेस का?" तर तिने त्यांना रिकामा तांब्या दिला.

शुक्रवारी मुग्धा परत आली होती, कुंचीतलं बाळ घेऊन. बाळाला एकीकडून दुसरीकडे फिरवणं चाललं होतं, तेवढ्यात कावेरी आली आणि सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. बातमी सगळ्यांना कळली होती.

"या, जमीनदारीणबाई," अनुसूया म्हणाली. "रानाची मोजणी झाली का?"

"असू दे ग," कुणीतरी म्हटलं.

"असू दे काय? भावाचं बागिन परत करतात होय? आमच्या घरी तर आता भाऊ विचारतो, अक्का, तूही ती ओवी शिकलीस का? हिच्यामुळे आम्हाला टोमणे."

मुग्धाला काहीच कळेना. कुणीतरी तिच्या कानाशी लागून सांगितलं. तिचा चेहरा पडला.

"पण कावेरी, त्यात परंतु होतं ना! मी बजावून सांगितलं होतं. काकूंना फोन करून विचारलंसुद्धा. हो ना, काकू?"

सगळ्या भार्गवीकडे वळल्या. तिने बाळाच्या कुंचीची गाठ सारखी केली. ती गाठ आधीच नीट होती.

"हो," ती म्हणाली.

"बघ!" अनुसूया म्हणाली.

कावेरी मुग्धापुढे वाकली. तिच्याहून कितीतरी लहान पोरीपुढे. "माझं चुकलं, बाई. तुम्ही एवढ्या जीव तोडून सांगता आणि आम्ही अडाणी सोयीचं तेवढं उचलतो."

"अहो, असं काय करता," म्हणत मुग्धाने तिला धरलं. भार्गवी चटईची काडी काडी उसवत बसली. तिला वाटत होतं, कुणीतरी आता आपल्या तोंडाकडे नीट बघेल आणि ओळखेल. कुणी बघितलं नाही. बायकांचा तिच्यावर भरवसा होता. तो आज तिच्या पाठीवर ओल्या घोंगडीसारखा पडला होता.

निघताना कावेरीने तिला गाठलं. "अक्का, रविवारी माझ्यासोबत आनेकलला येशील? अण्णाचे पाय धरायचेत. एकटीनं पाय उचलत नाही. तू असलीस की अण्णा घालून पाडून बोलणार नाही."

नाही म्हणायला शंभर कारणं होती. भार्गवी म्हणाली, "येते."

मार्केटमधून बस धरली. चंदापुरा मागे पडलं तशी कारखान्यांची धुराडी विरळ होऊन शेतं लागली. अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचे दिवस. थांब्याथांब्याला बायका टोपल्या घेऊन चढत, आणि सगळ्या बसला त्या शेंगांचा उग्र वास. वाटभर कावेरी घोकत होती. "आधी अप्पांच्या पाया पडीन. मग अण्णाच्या. म्हणीन, मी हावरी निघाले. मग तो रागवेल. रागवला की मग बोलेल. बोलला की झालं." भार्गवी खिडकीबाहेर बघत होती. दोनदा तिने तोंड उघडलं. एकदा कंडक्टर आला. एकदा कुणीच आलं नाही, तरी ते मिटलं.

तिला आपलं माहेर आठवत होतं. दोन गल्ल्या पलीकडचं. माडीवरच्या ज्या खोलीत ती जन्मली, तिथे आता भावाच्या सुनेचं शिवणयंत्र होतं. भाऊ चांगला होता. गौरीला न चुकता सूप आणायचा. दरवर्षी ती ते घ्यायची, डोळ्याला लावायची, आणि दरवर्षी त्या सुपाखाली हात धरताना तिला काहीतरी हलकं लागायचं. काय ते तिने कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

विठोजी अंगणात शेंगांची पोती शिवत होता. बहीण दिसली तरी दाभण थांबलं नाही.

"वकील आणलास वाटतं सोबत?"

"अण्णा, ही भार्गवीअक्का. देवळात ओव्या म्हणणारी."

"म्हणजे वकिलाचा गुरूच." त्याने दोरा दातांनी तोडला. "बसा, अक्का. घर आमचंच आहे अजून."

खाटेवर कृष्णाजी होते. पांघरुणात माणूस आहे की नाही अशी अंगकाठी, पण डोळे कावेरीला शोधत होते. ती पायाशी बसली, तसा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. पाया पडता येईना, उठता येईना, तशीच मान वाकवून ती बोलली.

"अण्णा, चुकलं माझं. ओवीतलं अर्धं ऐकून तुझ्या दारी कायदा घेऊन आले. बागिन परत केलं. वठारभर तुला मान खाली घालायला लावली."

"अर्धं नाही. सोयीचं ऐकलंस."

"सोयीचं ऐकलं."

"खोल्या मी कुणासाठी बांधत होतो?"

"माझ्यासाठी."

"मग? मागायचंच होतं, तर भाऊ म्हणून मागतीस. एवढी वर्षं मी काय तुझ्या पानातलं काढून खात होतो?" त्याचा आवाज चिरकला. त्याने पोतं उगाच आपटलं. "अप्पांना भेट आणि दुपारची बस धर. आणखी माझ्याच्यानं नाही होणार."

कृष्णाजींचा हात हलला. "कसली ओवी म्हणता रे?" ते क्षीण आवाजात म्हणाले. "माझ्या घरात भांडण लावलं, ती ओवी मला ऐकवा तरी."

"म्हणा ना, अक्का," विठोजी कडवट हसला. "ऐकू दे अप्पांना."

भार्गवीने म्हटली. हलक्या आवाजात, अंगणातल्या कोंबड्यांनाही कळू नये अशी. दोन खुंट रोवले, पाटाचं पाणी दोन्ही वाफ्यांत गेलं. म्हाताऱ्याने डोळे मिटले होते आणि त्याची बोटं लेकीच्या केसांवर ताल धरत होती. दुसरी ओवी संपली.

"एवढीच," विठोजी म्हणाला. "यात लग्नाचं नाव तरी आहे का? आणि ही म्हणते, मी अर्धं ऐकलं."

"नाही नाही," कावेरी घाईने म्हणाली. "अक्कानं पुढंही म्हटलं होतं. सगळ्या बायकांना माहीत आहे. मीच ऐकलं नाही. अक्काला काही बोलू नको, अण्णा. तिनं कधी कुणाला अर्धं सांगितलं नाही."

भार्गवीने खाटेच्या लाकडाला हात धरला. मग ती म्हणाली, तितक्याच हलक्या आवाजात, पण न थांबता:

कायद्याच्या आधी बाई | जिची गं झाली पाठवणी
रानात न्हाई वाटा | तिला नुसत्या आठवणी

"हेच!" कावेरीचा चेहरा उजळला. भावाकडे वळून म्हणाली, "हेच, अण्णा. बघ, होतं की नाही? आता मला आठवतंय."

"तुला आठवणार नाही, कावेरी," भार्गवी म्हणाली. "तू हे आज पहिल्यांदा ऐकते आहेस. सगळ्याच बायका पहिल्यांदा ऐकतील. मी ही कधी म्हटलीच नाही. मुग्धानं बजावलं होतं, तिला मी घातलं म्हणून सांगितलं. शुक्रवारी तू तिच्यापुढे वाकलीस, तेव्हाही मी हो म्हटलं."

दाभण विठोजीच्या हातात तसंच राहिलं. कावेरी नुसती बघत होती.

"ओवीत बसत नाही म्हणून सोडली, असं मी मला सांगत आले. तांदूळ निवडताना त्याच दिवशी बसली होती ती. मला म्हणवली नाही. त्या खोलीत जितक्या आम्ही बसतो, त्यातल्या एकीचंही लग्न कायद्यानंतरचं नाही ग. एकीलाही काही मिळत नव्हतं. मलाही नाही. मला दोनच ओव्यांपुरतं माझं माहेर माझं करून घ्यायचं होतं. त्यात तुझं गेलं. विठोजी, हिनं काही चुकीचं ऐकलं नाही. मी जेवढं दिलं, तेवढंच हिनं तुमच्या दारी आणलं."